टांकसाळीचा दोष आणि काळाचा घाव

नाणे हे इतिहासाचे अत्यंत लहान, परंतु सर्वाधिक हाताळले गेलेले साधन होय. त्याच्या अंगावर दोन प्रकारच्या खुणा आढळतात. काही टांकसाळीत जन्मतः पडलेल्या असतात, तर काही पुढील प्रवासात बसलेल्या. संग्राहक मोल देतात ते पहिल्या प्रकाराला. हा भेद ठाऊक नसल्यास घरातील जुना रुपया कवडीमोलाने जातो, किंवा ठेचलेल्या नाण्यापायी कष्टाचे पैसे गमवावे लागतात.

आपली सुरत मोगल काळातील एक प्रमुख टांकसाळ होती. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईतही सुरत छापाचे रुपये पाडले. तेव्हा नाण्यावर सुरतेचे नाव असले, तरी ते सुरतेतच पडले असे मानता येत नाही.

हाताने पाडलेल्या नाण्यांना यंत्राच्या नाण्यांचा निकष लावणे चूक ठरेल. त्या काळी ठसा चकतीहून मोठा असे. घणाच्या घावाखाली चकती जेथे येई, तेवढीच अक्षरे उमटत. म्हणून मोगल रुपयावरील अपुरा मजकूर, अथवा शिवराईवरील ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अर्धवट अक्षरे, हा दोष नव्हे. अशा रुपयांवर पुष्कळदा बारीक टोचे दिसतात. चांदीची पारख करण्यासाठी सराफांनी व पोतदारांनी उठविलेल्या त्या खुणा होत. त्या टांकसाळीनंतरच्या असल्या, तरी व्यापाराचा पुरावा म्हणून त्यांचे मोल आहे. दागिन्यासाठी पाडलेले भोक किंवा डाक दिलेली कडी ही मात्र निव्वळ हानी समजली जाते.

यंत्राने नाणे घडते ते तीन पायऱ्यांनी. पत्र्यातून कोरी चकती कापली जाते, तिची कड उचलली जाते आणि शेवटी कड्यात बसवून तिच्यावर दोन ठशांचा एकाच वेळी दाब दिला जातो. खरा दोष या तीनपैकी कोठल्या तरी पायरीवर घडलेला असला पाहिजे. तो कसा घडला हे सांगता येत नसेल, तर संशय धरावा.

पहिली कसोटी उठावाची. ठशाला तडा गेला की दाबाखालील धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. ओरखडा याउलट खोल असतो व त्याच्या काठावर धातू सरकलेला दिसतो.

दुसरी कसोटी कडेची. पत्र्याच्या आधीच कापलेल्या जागेवर पुन्हा कापणी झाली, तर चकतीला चंद्रकोरीसारखी खोच पडते. अशा नाण्यात खोचेच्या बरोबर समोरची कड बहुधा पुसट असते, कारण कड उचलताना तेथे पुरेसा दाब मिळत नाही. कानशीने घासलेल्या नाण्यात समोरची कड ठसठशीत राहते.

तिसरी कसोटी दोन्ही बाजूंची. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्याची उलटी व खोलगट प्रतिमा उमटते. दुसरी बाजू मात्र स्वच्छ असते. दोन नाणी शेगड्यात आवळून असाच आभास निर्माण करतात, परंतु त्यात मागची बाजू दबून सपाट होते.

चौथी कसोटी वजनाची. १८३५ च्या कायद्याने ठरलेला रुपया १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम भरतो. आम्लात बुडविलेले नाणे हलके भरते आणि त्याची अक्षरे सर्वत्र सारखीच झिजलेली दिसतात. सरकलेल्या छापाच्या नाण्यात चकती पूर्ण असल्याने वजन पूर्ण भरते.

दोन धातूंच्या दहा रुपयांच्या नाण्यात मधली चकती व बाहेरचे कडे छापाच्या दाबानेच एकमेकांत घट्ट बसतात. मधला भाग नसलेल्या नाण्याच्या कड्यावरील छाप आतल्या काठापर्यंत नीटस असेल, तर तो भाग मागाहून काढला आहे असे समजावे. चकतीविना दाबलेल्या कड्याचा धातू आतल्या पोकळीकडे पसरलेला असतो.

जुनी नाणी व नोटा भारी किमतीला घेण्याच्या आमिषाने, रिझर्व्ह बँकेचे नाव पुढे करून शुल्क मागणाऱ्यांविषयी त्या बँकेनेच २०२१ मध्ये जनतेला सावध केले होते. घरातील रुपया चिंचेने वा राखेने घासू नये. त्याने चकाकी येते. पण पारखीला आधार देणारा पृष्ठभाग नष्ट होतो. भिंग, लहान तराजू आणि ‘हे कसे घडले असेल?’ हा प्रश्न एवढी सामग्री जवळ असली, तर पुष्कळशी फसवणूक टळते.