ओझं पेलणारे आटे

माजरी हे रेल्वेचं जंक्शन. दिल्ली-चेन्नई मार्गावरून वणी-आदिलाबादकडचा फाटा इथूनच फुटतो आणि भोवताली वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळशाच्या खाणी आहेत. अशा ठिकाणी जड वस्तू उचलणं हे नेहमीचंच काम. बॉक्सएन जातीची वाघीण रिकामीच साडेबावीस टनांच्या आसपास भरते. चार कोपऱ्यांना चार जॅक लावले तर एकेकावर साडेपाच टनांहून जास्त भार येतो. हायड्रॉलिक जॅक आले तरी पेचाचा जॅक गेला नाही. त्यात गळायला तेल नाही आणि दांडा सोडला तरी ओझं खाली येत नाही.

का येत नाही? आटा म्हणजे पेचाभोवती गुंडाळलेला घाटरस्ता. 50 मिलिमीटर व्यासाचा, 8 मिलिमीटर पिचचा पेच घ्या. एका फेऱ्यात आट्यावरून, दाताच्या मध्यावर मोजली तर, सुमारे 144 मिलिमीटर वाट चालावी लागते, तेव्हा ओझं 8 मिलिमीटर वर जातं. हा चढ तीन अंशांहून थोडा जास्त. घर्षणांक 0.15 धरला तर घर्षणाचा कोन साडेआठ अंश येतो. चढ त्याहून कमी, म्हणून नट आपोआप घसरत नाही.

आता आट्याचा आकार. साध्या बोल्टच्या 60 अंशी आट्याच्या कडा तिरप्या असतात. त्यामुळे भार नटाला बाहेरच्या बाजूला फाकवू पाहतो आणि घासणं वाढतं. चौकोनी आट्याची कड भाराला जवळपास काटकोनात असते, म्हणून पुस्तकं त्याला पहिला नंबर देतात. पण आकडे मांडून पाहावेत. वरच्याच पेचाने 10 टन उचलायचे आणि दांडा एक मीटरचा असेल, तर टोकाला चौकोनी आट्यासाठी सुमारे 47.5 किलोचा जोर लागतो, 30 अंशी ट्रॅपिझॉइडल म्हणजे समलंबी आट्याला 49 आणि बोल्टच्या आट्याला 53. (जॅकच्या माथ्यावरच्या टोपीचं घर्षण यात धरलेलं नाही.) म्हणजे चौकोनी आट्याचा फायदा जेमतेम दीड किलोचा! त्याच ट्रॅपिझॉइडल आट्याला चांगलं ग्रीस लावून घर्षणांक 0.12 वर आणला तर सात किलो वाचतात.

त्या दीड किलोची किंमत टर्नर मोजतो. चौकोनी आटा टॅप-डायने सहज निघत नाही, लेथवर एकाच टोकाच्या हत्याराने कापत बसावं लागतं. शिवाय त्याचा दात मुळाशी 4 मिलिमीटरच जाड. ट्रॅपिझॉइडलचा दात मुळाशी पाचाच्या पुढे जातो आणि नट दोन भागांत चिरून झीज भरून काढता येते; लेथच्या लीडस्क्रूवर हेच करतात. चौकोनी आट्यात झीज झाली की नट बदलाच. म्हणून नवीन काम करताना माझं मत ट्रॅपिझॉइडललाच. अमेरिकी ॲक्मी त्याचाच 29 अंशी भाऊ.

भार कायम एकाच दिशेने येत असेल तर बट्रेस आटा त्याहून तगडा. त्याची भार घेणारी कड तीन अंशच तिरपी, म्हणजे चौकोनीइतकीच हलकी चालते. मागची कड तीस अंशांनी कललेली असल्याने दात मुळाशी साडेसहा मिलिमीटरपर्यंत रुंद होतो. जॅकला आणि प्रेसला हा शोभतो. मागे-पुढे दोन्हीकडे ओढ असेल तिथे मात्र त्याच्या नादी लागू नये.

राहिला गोल आटा. जुन्या आयसीएफ डब्यांच्या स्क्रू कपलिंगला तो असतो. एका अंगाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. दांडा फिरवला की दोन्ही डबे जवळ येतात. आदळआपट, पाणी, कोळशाची भुकटी हे सगळं सोसायला धारदार कोपरा नसलेला आटाच बरा.

घाईच्या कामासाठी दुहेरी आट्याचा मोह होतो. एका फेऱ्यात ओझं 16 मिलिमीटर चढतं, पण चढ सहा अंशांच्या वर जातो. भरपूर ग्रीस आणि शेजारून जाणाऱ्या मालगाडीचे हादरे यांनी घर्षणांक 0.10 वर आला तर घर्षणाचा कोन त्याहून कमी होतो आणि ओझं आपोआप उतरू लागतं. तिथे ब्रेक हवाच. बॉल स्क्रूलाही तो लागतो, कारण त्यात घर्षण जवळजवळ उरतच नाही. साध्या पेचाचा नट मात्र गनमेटलचा करतात, म्हणजे झिजायचं ते नटाने झिजावं, पेच वाचावा. डबे उचलायच्या मोठ्या विजेच्या जॅकमध्ये मुख्य नटाच्या खाली एक सेफ्टी नट थोडी फट ठेवून बसवलेला असतो. ती फट घटत गेली की मुख्य नट किती झिजला ते बाहेरूनच मोजता येतं.