परवाना हक्काचा, अटी मात्र बदलत्या: जर्मनीतील कारखाने आणि प्रदूषणाचा कायदा

जर्मनीत मोठ्या कारखान्याला लागणारा मुख्य पर्यावरण परवाना १९७४ च्या संघीय उत्सर्जन नियंत्रण कायद्याखाली मिळतो. भारताचा जलप्रदूषण कायदाही त्याच वर्षीच्या मार्चमधला, पण दोन्हींची घडण निराळी आहे. महाराष्ट्रातल्या कारखानदाराला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र वर्षानुवर्षे मुदत संपली की नूतनीकरण करून घ्यावे लागत आले. जर्मन परवान्याला सहसा मुदत नसते. शिवाय अर्जदाराने कायद्याच्या सगळ्या अटी पुऱ्या केल्या, तर परवाना देणे प्रशासनावर बंधनकारक असते. मंत्र्याची मर्जी किंवा गावाची नाराजी एवढ्यावर तो नाकारता येत नाही.

एवढेच वाचले तर हा कायदा उद्योगधार्जिणा वाटेल. त्याची खरी ताकद परवाना मिळाल्यानंतर दिसते. त्या-त्या काळात उपलब्ध असलेल्या प्रगत तंत्राने प्रदूषण रोखणे हे चालकाचे कायमचे कर्तव्य आहे, आणि कलम १७ नुसार प्रशासन चालू कारखान्यावरही नव्या, अधिक कडक अटी लादू शकते. जुना परवाना दाखवून जुनी धुराडी चालू ठेवण्याची सोय त्यामुळे राहत नाही.

याचा सर्वांत ठळक दाखला १९८३ चा. आम्लवर्षेमुळे जंगले मरत असल्याच्या बातम्यांनी तेव्हाचा पश्चिम जर्मनी हादरला होता. १ जुलै १९८३ पासून मोठ्या औष्णिक केंद्रांसाठी नवा नियम लागू झाला. सर्वांत मोठ्या केंद्रांना धुराच्या दर घनमीटरमागे ४०० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आली. जुन्या केंद्रांपुढे पाच वर्षांत यंत्रणा बसवणे किंवा ठराविक तास चालवून बंद होणे, असे दोनच पर्याय राहिले. धुरातला गंधक चुन्याने शोषून घेणारी संयंत्रे देशभर उभी राहिली आणि वीजकेंद्रांचे सल्फर डायऑक्साइड काही वर्षांतच झपाट्याने उतरले. त्या प्रक्रियेतून निघणारे जिप्सम जर्मन बांधकामाला इतके सवयीचे झाले की, कोळसा बंद होताना ते आणायचे कुठून, हा प्रश्न आता पडला आहे.

परवान्याची प्रक्रिया राज्य सरकारची खाती चालवतात. मोठ्या प्रकल्पाच्या अर्जाची जाहीर सूचना निघते, कागदपत्रे महिनाभर लोकांसाठी खुली राहतात आणि त्यानंतर ठराविक मुदतीत कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. मग प्रशासनाने ठरवल्यास हरकतदार, कंपनी आणि अधिकारी एकत्र बसून चर्चा करतात. अर्ज परिपूर्ण झाल्यावर सात महिन्यांत निर्णय द्यावा, असा कायदा सांगतो. बांधकाम आणि अन्य बऱ्याच मंजुऱ्या याच एका परवान्यात सामावतात. पाणी वापरण्याची परवानगी मात्र वेगळी राहते.

बर्लिनजवळच्या ग्र्युनहाइडे येथील टेस्लाच्या मोटार कारखान्यात हा फरक कळीचा ठरला. नोव्हेंबर २०१९ मध्ये घोषणा झालेल्या या प्रकल्पावर चारशेहून अधिक हरकती आल्या. एर्कनर शहरात सप्टेंबर २०२० मध्ये त्यांवरची चर्चा अनेक दिवस चालली. पाइनचे जंगल, सरड्यांचा आणि सापांचा अधिवास आणि सर्वांत तीव्रतेने भूजल, असे मुद्दे पुढे आले. अंतिम निर्णय येण्यापूर्वीच कंपनीने १९ अंतरिम परवानग्यांच्या आधारे कारखाना बांधून काढला. कायदा याला मुभा देतो, पण परवाना नाकारला गेला तर जमीन पूर्ववत करण्याची हमी कंपनीकडून घेतो. कारखाना उभा राहिल्यावर परवाना नाकारण्याचे धैर्य कोण दाखवणार, ही टीकाकारांची शंका रास्त होती. ४ मार्च २०२२ रोजी परवाना मिळाला. त्याच दिवशी फ्रांकफुर्ट (ओडर) येथील प्रशासकीय न्यायालयाने परिसराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राची वाढीव उपशाची परवानगी बेकायदा ठरवली, कारण लोकांना त्यात म्हणणे मांडू दिले नव्हते.

न्यायालयाची वाट पर्यावरण संघटनांसाठी पूर्वी अरुंद होती. ज्याच्या स्वतःच्या हक्कावर गदा आली, त्यालाच दाद मागता येई. जंगल किंवा नदीच्या वतीने सहसा उभे राहता येत नसे. ल्युनेन येथील कोळसा वीजकेंद्राच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने मे २०११ मध्ये ही अडचण दूर केली आणि संघटनांना युरोपीय कायद्यातून आलेल्या पर्यावरण नियमांच्या भंगाविरुद्ध थेट दाद मागण्याचा हक्क मान्य केला.

देखरेख युरोपीय संघाच्या निर्देशांशी बांधलेली आहे. धोक्याच्या प्रमाणात एक ते तीन वर्षांनी प्रत्यक्ष तपासणी होते, आणि मोठ्या धुराड्यांत सतत मोजमाप करणारी यंत्रे बसवावी लागतात. परवान्याविना कारखाना चालवणे हा फौजदारी गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जुलै २०२४ मध्ये पवनऊर्जा आणि इतर प्रकल्पांना गती देण्यासाठी कायद्यात दुरुस्ती झाली आणि आधीच ऐच्छिक असलेल्या समोरासमोर चर्चेला पवनऊर्जेसारख्या प्रकल्पांत आणखी कात्री लागली. लेखी हरकतीचा हक्क शाबूत आहे. पण कंपनीच्या तज्ज्ञांना शेतकरी, मच्छीमार आणि रहिवासी जाहीरपणे उलटप्रश्न विचारत होते, ती जागा आक्रसली. पवनचक्क्या लवकर हव्यात, यात वाद नाही. पण भूजलाचा प्रश्न एर्कनरच्या सभागृहात जितक्या ठामपणे पुढे आला, तितका तो फाइलमधल्या हरकतीतून पुढे येणे अवघड आहे.