दिवाळीनंतरची पहिली

बीड जिल्ह्यात शाळेचे वर्ष दोन कॅलेंडरांवर चालते. एक भिंतीवरचे. जूनच्या मध्याला ते सुरू होते, त्यात चाचण्या असतात, दिवाळीची सुट्टी असते, आणि उन्हाळा तापला की ते संपते. दुसरे कॅलेंडर कुठे छापलेले नसते, पण गावातल्या प्रत्येकाला पाठ असते. ते उसाचे. दसरा-दिवाळी झाली की ट्रक, ट्रॅक्टर गावात येऊन उभे राहतात. भांडी, पत्र्याची पेटी, शेळी, कोंबड्या आणि लेकरे असा सगळा संसार चढतो आणि गाव निम्मे रिकामे होते. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, नाहीतर कर्नाटकात बेळगावकडचे कारखाने. परत यायचे ते गुढीपाडव्याच्या आगेमागे, कारखान्याचा पट्टा पडल्यावर.

या जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिक्षिका होते. बहुतेक वर्षे माझ्याकडे पहिली-दुसरीचाच वर्ग असे. ऊसतोडीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. उचल, मुकादम, कोयत्याचा दर यांवर लिहिले गेले, आणि ते लिहायलाच हवे. पण सहा-सात वर्षांच्या मुलाचे वाचायला शिकणे आणि हा हंगाम यांची गाठ नेमकी कुठे पडते, याबद्दल फारसे बोलले जात नाही. आज मला तेवढेच सांगायचे आहे.

अक्षर पक्के कधी होते?

पहिलीचे मूल जूनमध्ये येते तेव्हा त्याला पाटी कुठल्या बाजूने धरायची हेही माहीत नसते. पहिला महिना रुळण्यातच जातो. गाणी, गोष्टी, मातीकाम, चिंचोक्यांच्या रांगा. पूर्वी धूळपाटीवर बोट फिरवून अक्षर गिरवीत. आम्हीही शाळेच्या ओट्यावर माती पसरून तेच करीत असू. बोटाला वळण लागले की पेन्सिल जड जात नाही. श्रावण-भाद्रपदात अक्षरांची ओळख होते. काना-मात्रा नसलेली अक्षरे आधी, म्हणजे दोन-तीन अक्षरे कळली की लगेच शब्द वाचता येतो. मग काना, वेलांटी, उकार. दिवाळीपर्यंत मूल अडखळत, बोट ठेवून, एकेक अक्षर सुटे म्हणत वाचू लागते. ‘घ… र… घर!’ असे म्हणून ते वर बघते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते त्यासाठीच पहिलीचा वर्ग मागून घ्यावा.

पण हे वाचन कच्चे असते. ओळखीचे अक्षर क्षणात ओळखता यावे, अक्षरे जोडताना शब्दाचा अर्थ हातून निसटू नये, यासाठी रोजचा सराव लागतो, आणि तो नेमका नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत व्हायचा असतो. पुढच्या इयत्तेत एखादा धडा बुडाला तर तो मागाहून वाचून काढता येतो. पहिलीत बुडते ते वाचणेच. दिवाळीला अर्धवट वाचणारे मूल कोपीवर जाते आणि एप्रिलमध्ये येते तेव्हा त्याची अक्षरे पुसलेली असतात. ते दुसरीत जाते, कारण वय वाढलेले असते. तिथे पुन्हा दिवाळीपर्यंत तोच डोंगर चढायचा आणि पुन्हा खाली यायचे. तिसरी-चौथीत गेल्यावर असे मूल मागच्या बाकावर गप्प बसते, आणि बघणाऱ्याला वाटते, याचे डोकेच चालत नाही.

कोपीवरचा दिवस

हंगामात हे मूल काय करते? आई-बाप पहाटे तीन-चारला फडाकडे निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांपैकी एकाने मागे राहिले तर कोयता अर्धा होतो. म्हणून मोठी लेकरे धाकट्यांना सांभाळायला. सात वर्षांची मुलगी काखेत दीड वर्षाचा भाऊ घेऊन फिरते. वाढे गोळा करणे, पाणी भरणे, कोपीवर लक्ष ठेवणे ही कामे तिचीच. टायरगाडीचे सेंटर असेल तर कारखान्याच्या आवारात वस्ती असते, जवळपास शाळा असू शकते. डोकी सेंटर असेल तर वस्ती फडाफडाने हलते. आज या गावाच्या शिवारात, महिन्याने दुसऱ्या. तिथे कुठल्या शाळेत नाव घालायचे?

गावाकडे ठेवावे म्हटले तर म्हातारा-म्हातारी असतील तरच. एका आजीचे बोलणे मी विसरलेले नाही. ‘‘बाई, लेकराला ठेवावं तर म्या एकटी, मलाच दिसंना, अन् धाडावं तर साळा बुडती. तुमीच सांगा काय करावं.’’ या प्रश्नाला उत्तर देणे एकट्या शाळेच्या हातचे नव्हते.

कायदा, वसतिगृह आणि साखरशाळा

उत्तरे शोधली गेली नाहीत असे नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. स्वयंसेवी संस्थांनी आणि काही कारखान्यांनी त्या चालवल्या. कोपीशेजारी पाचटाच्या नाहीतर पत्र्याच्या आडोशाला भरलेल्या या वर्गांनी पुष्कळ मुलांची अक्षरे राखली. शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळालाच पाहिजे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून कोणी प्रवेश अडवू शकत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यानंतर वेगळ्या साखरशाळेपेक्षा कारखान्याजवळच्या नेहमीच्या शाळेत मूल बसवण्यावर भर आला. स्थलांतरित मुलाच्या हातात शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धतही सुरू झाली.

दुसरा मार्ग हंगामी वसतिगृहाचा. ‘वसतिगृह’ हा शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात शाळा व्यवस्थापन समितीने गावातच मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची आणि देखरेखीची सोय करायची आणि मुलांनी आपल्याच गावात, आपल्याच शाळेत राहायचे. माझ्या मते लहान मुलांसाठी हाच मार्ग त्यातल्या त्यात बरा. शाळा, बाई, सवंगडी तेच राहतात. अट एवढीच, की ते दिवाळीच्या आधी सुरू झाले पाहिजे. ट्रक निघून गेल्यावर मंजुरी आली तर जेवण शिजते, पण जेवायला मूल नसते. आणि सहा वर्षांच्या मुलाला आईवाचून पाच-सहा महिने राहायचे आहे, हे ताट वाढणाऱ्यानेही ध्यानात ठेवायला हवे. रात्री रडणाऱ्या मुलाला जवळ घेणारे माणूस असेल तरच त्याचे मन दुसऱ्या दिवशी पाटीत लागते.

शाळेनेच मुलाकडे जावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये ते वाढवले. मुले शाळेत येत नाहीत तर वाडीच्या अंगणातच बालवाडी भरवायची, ही त्यांची अंगणवाडी. मुले गुरे घेऊन रानात जातात तर शिक्षकाने रानात जायचे, ही कुरणशाळा. मूल काम सोडू शकत नसेल तर शाळेने जागा सोडावी, इतका साधा तो विचार होता. फडाच्या बांधावर तो आजही तितकाच लागू आहे.

पहिला शब्द ‘ऊस’

पण सगळे सरकारवर आणि कारखान्यावर सोपवून वर्गाला मोकळे होता येणार नाही. जून ते दिवाळी हे चार-साडेचार महिने तरी आपल्या हातात असतात. त्यांत काय शिकवायचे आणि कसे, हा प्रश्न शिक्षकाचाच आहे.

न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या शिक्षिका माओरी मुलांना शिकवीत. इंग्रजी पुस्तकातल्या घरगुती शब्दांशी त्या मुलांना काही देणेघेणे नव्हते. बाईंनी मुलांनाच विचारले, तुला कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यायचा. भीतीचा, प्रेमाचा, घरातल्या माणसाचा तो शब्द मूल एकदा बघून ओळखू लागे. १९६३ मध्ये निघालेल्या ‘टीचर’ या पुस्तकात त्यांनी हे सगळे लिहिले, आणि ते मराठीतही आले आहे.

आमच्या वर्गात हे करून पाहिले तेव्हा मुलांनी मागितलेले शब्द असे होते : आई, बैल, टायर, कोयता, मुकादम, ऊस. ‘ऊ’ हे अक्षर एरवी मागाहून यायचे. पण ‘ऊस’ हा दोन अक्षरांचा शब्द मुलांना कमळापेक्षा आणि बदकापेक्षा सोपा गेला. कमळ आमच्या डोंगरपट्ट्यात कोणी पाहिलेले? मुलाने बोललेले वाक्य फळ्यावर जसेच्या तसे लिहायचे, ‘माझा बाप मोळी बांधतो’, आणि मग तेच सगळ्यांनी वाचायचे. आपले बोलणे फळ्यावर उमटते हे कळले की वाचनाचे भय निम्मे होते. तांड्यावरच्या मुलांच्या बाबतीत तर हे फारच खरे. घरी बंजारा बोली, शाळेत पुस्तकी मराठी. त्यांच्या बोलीतला शब्द आधी ऐकून घेतला आणि मराठी शब्द त्याच्या शेजारी ठेवला तर मूल खुलते. ‘असं नाही, असं म्हण’ म्हटले की मिटते.

गणिताचेही तसेच. ‘पंचवीस’ म्हटले की लहान मूल ५२ लिहिते. त्यात त्याची चूक थोडी आणि भाषेची जास्त. मराठीत पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. जर्मन मुलांची अडचणही हीच, कारण त्यांच्याकडेही पाच आधी आणि वीस नंतर. कानडीत ‘इप्पत्तैदु’ म्हणजे आधी वीस, मग पाच. बेळगावकडे जाऊन आलेली आमची मुले हे ऐकून येत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात नेहमीच्या संख्यानामांच्या जोडीने ‘वीस एक’ अशी फोड दिली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला! समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी पहिलीच्या मुलाला ६३ आणि ३६ मध्ये गोंधळताना पाहिले असेल? दहा चिंचोक्यांची एक पुडी बांधायची. दोन पुड्या आणि सुटे पाच म्हणजे पंचवीस. आमच्या मुलांना हे सांगताना मोळीचा दाखला दिला की पुरे. मोळ्या किती आणि सुटे ऊस किती, हा हिशोब त्यांच्या अंगवळणी पडलेला. ज्या मुलाला आपण मागे पडलेले म्हणतो, ते कारखान्याच्या काट्यावर गाडी कधी लागेल आणि किती टन भरेल याचा अंदाज बापाच्या बरोबरीने बांधत असते.

परतीचा एप्रिल

देशभर २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ हे अभियान सुरू झाले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित करता यावे, हे त्याचे ध्येय. २०२६-२७ ही मुदत. ध्येय उत्तम आहे. पण बीडच्या मुलाला तिसरीपर्यंत तीन वर्षे मिळत नाहीत. ते गावात राहिले नाही आणि फडाजवळच्या शाळेतही बसले नाही, तर त्याच्या वाट्याला तीन अर्धी वर्षेच येतात.

म्हणून तीन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. पहिली, हंगामी वसतिगृहाची यादी आणि मंजुरी दसऱ्याच्या आत व्हावी. दुसरी, जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत त्याने स्वतः निवडलेल्या शब्दांची कार्डे, एक चित्रांचे पुस्तक आणि पाटी असावी, आणि त्याला काय येते ते लिहिलेली एक ओळ पुढच्या शाळेच्या शिक्षकासाठी असावी. नुसता दाखला त्या शिक्षकाच्या कामाचा नाही. तिसरी, एप्रिलमध्ये परतलेल्या मुलाला परीक्षेला बसवण्याची घाई करू नये. ते दमून आलेले असते. पंधरा दिवस त्याच्यासोबत पुन्हा पुडी बांधावी, पुन्हा ‘ऊस’ वाचावा. विसरलेली अक्षरे नव्याने शिकण्यापेक्षा लवकर परत येतात, हा माझा अनुभव आहे. मात्र कोणीतरी ती बोलवावी लागतात.

१९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर महाराष्ट्राने या धंद्यावर केवढे वैभव उभारले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या वैभवाचा हिशोब टनात आणि उताऱ्यात मांडला जातो. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा मांडायला हरकत नाही : दिवाळीला वाचू लागलेली किती मुले एप्रिलमध्येही वाचत होती? हा आकडा काढायला मोठी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक गावातल्या पहिलीच्या बाईंना तो नावानिशी सांगता येतो. त्यांना कोणी विचारले पाहिजे, एवढेच.