हार्ड डिस्क दिसत नाही? ‘फॉरमॅट’ दाबण्याआधी हे तपासा

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावसारख्या बाजारपेठेच्या गावांत फोटो स्टुडिओंना उसंत मिळत नाही. हळदीपासून वरातीपर्यंतचं सगळं चित्रीकरण शेवटी तळहाताएवढ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये जाऊन बसतं. अल्बमच्या कामाला बसावं, डिस्क जोडावी आणि संगणकाने तिची दखलच घेऊ नये, म्हणजे हातपाय गळतात. अशा वेळी घाईने केलेला उपाय मूळ बिघाडापेक्षा महाग पडतो. डिस्क बाजारात नवी मिळते. लागलेलं लग्न पुन्हा लावता येत नाही.

‘डिटेक्ट होत नाही’ या एकाच तक्रारीमागे तीन निरनिराळे बिघाड असू शकतात. डिस्कला वीज पुरत नसेल, संगणकाने ती ओळखूनही तिला अक्षर (ड्राइव्ह लेटर) दिलेलं नसेल, किंवा तिच्यातली मांडणी त्याला वाचता येत नसेल. तपासणी याच क्रमाने करावी.

आधी वीज आणि केबल

अडीच इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो. तिची मोटर यूएसबीतून येणाऱ्या ५ व्होल्टवर फिरते. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. मोटर सुरू होताना सर्वाधिक करंट लागतो, म्हणून हब किंवा लांब केबल मध्ये आली की डिस्क अडते. ती कॅबिनेटच्या मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावून पाहावी. मग केबल बदलावी. बॅगेतून ने-आण करताना रुंद पिन सैल होते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर लागतो. पिन बसते म्हणून दुसऱ्याच उपकरणाचा अडॅप्टर तिला लावू नये, आतला सर्किट बोर्ड जळू शकतो. शेवटी दुसऱ्या संगणकावर जोडून पाहावी.

मग अक्षर

डिस्क फिरते, पण ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही? विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथे डिस्क दिसत असेल आणि फक्त अक्षर नसेल, तर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून ते देता येतं. एडिटिंगला दिलेली डिस्क मॅकसाठी फॉरमॅट झालेली असेल, तर ठणठणीत असूनही ती विंडोजला वाचता येत नाही. ती मॅकवरच उघडावी.

इथे हात आवरा

कॉपी चालू असताना वीज गेली किंवा केबल ओढली गेली, तर फायलींची नोंदवही बिघडते. मग डिस्कपुढे ‘रॉ’ लिहिलेलं दिसतं आणि संगणक ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशिअलाइझ’ करायला सुचवतो. दोन्हीला नकार द्या. फोटो बहुधा अजून जागेवरच असतात. नवी नोंदवही लिहिली की ते परत मिळवणं अवघड होतं. विंडोजचं ‘चेकडिस्क’ हे साधनसुद्धा दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितं, त्यामुळे आधी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढावी, दुरुस्ती नंतर.

टक-टक आवाज येत असेल तर डिस्क लगेच बंद करा. आतलं हेड फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवरून सरकत असतं. धुळीचा साधा कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा. त्यामुळे डिस्क दुकानात उघडणं किंवा फ्रीजरमध्ये ठेवणं म्हणजे उरलीसुरली आशा घालवणं. ती धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबकडेच द्यावी.

पुढच्या सराईआधी

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम याच व्यवसायातून आला आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. स्टुडिओत एक, घरी एक, ऑनलाइन एक, एवढं जमवता येतं. दुसरी प्रत होईपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करू नये. लोक आयुष्यातला एकदाच येणारा दिवस विश्वासाने स्टुडिओकडे सोपवतात. दुसऱ्या डिस्कचा खर्च ऑर्डरच्या भावातच धरावा आणि तो कशासाठी, हे गिऱ्हाइकाला मोकळेपणाने सांगावं.