एक हार्बर, दोन पोर्ट

हार्बर म्हणजे वाऱ्या-लाटांपासून आडोसा असलेले, नांगर टाकण्याजोगे पाणी. हा आडोसा बेटाचा, खाडीचा किंवा समुद्रात घातलेल्या दगडी बांधाचा असतो. जुन्या इंग्रजीत ‘हार्बर’ या शब्दाचा अर्थ ‘सैन्याचा निवारा’ असा होता. त्यात जहाज नव्हतेच! पोर्ट म्हणजे काठावरचा व्यवहार: धक्के, क्रेन, गोदामे, जकात. मराठीत दोन्हींना सरसकट ‘बंदर’ म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. मुंबई बेट आणि समोरचा रायगडचा किनारा यांच्यामधले पाणी हे एकच हार्बर. पण त्याच्या पश्चिम काठावर जुने मुंबई पोर्ट, तर पूर्वेला न्हावा-शेव्याचे, १९८९ साली सुरू झालेले दुसरे. मासेमारीच्या होड्या मात्र पोर्ट नसले तरी आडोशावर भागवतात.