चौकटीतून घडलेली नजर
व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बेल्जियमच्या खाणपट्ट्यात चित्रकार होण्याचे ठरवले, तेव्हा शार्ल बार्ग याच्या रेखाटन-अभ्यासक्रमातील नमुने पुन्हा पुन्हा उतरवून त्याने हाताला वळण लावले. यथादर्शन, म्हणजे अंतरानुसार वस्तू लहानमोठ्या दिसण्याचे शास्त्र, साधावे म्हणून त्याने १८८२ मध्ये हेग येथे उभ्या, आडव्या व तिरप्या दोऱ्या ताणलेली आणि दोन खुंटांवर हव्या त्या उंचीला बसवता येणारी चौकट करवून घेतली. समोरच्या कुरणाची कड कोणत्या दोरीला कोठे छेदते हे पाहून तीच जागा तो कागदावर धरी. या साधनाला पळवाट म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण प्रमाण जोखण्याची सवय डोळ्याला त्यातूनच लागली आणि पुढे चौकटीविनाही त्याचा हात भराभर चालू लागला.