भिंत बोलेल, पण प्रिंट टिकली तर!

मांजरीतल्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅटचा ताबा मिळाला. मॉड्युलर किचन झालं, सोफा आला, ईएमआय तर कधीच सुरू झालाय. आता हॉलमधली ती मोठ्ठी पांढरी भिंत रोज तुमच्याकडे बघतेय. धबधब्याचं पोस्टर नको, पळते घोडे तर नकोच. काहीतरी सोबर, मिनिमल हवंय. मग काय, नेटवर दोन क्लिक आणि फ्रेम दारात!

जरा थांबा. हेच मी केलं होतं. फिक्या राखाडीवर एकच निळा पट्टा असलेली प्रिंट हौसेनं पश्चिमेच्या खिडकीसमोर लावली. दोन उन्हाळ्यांत निळा विटला, पावसाळ्यात कागद फुगला. गर्दीच्या चित्रात हे खपून गेलं असतं. इथे मुळात होतं काय? एक रंग आणि एक पट्टा. तेच गेलं, म्हणजे चित्रच गेलं!

या शैलीत आपल्याकडचं मोठं नाव म्हणजे वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४, नागपूर. शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. रोलर आणि पॅलेट नाइफनं ते रंगाचे थर चढवत, खरवडत. वर्षाकाठी चित्रं मोजकीच. २०१३ मध्ये मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. आपल्या बजेटमध्ये प्रिंटच बसणार, हे उघड आहे. पण तिच्यात ते थर येत नाहीत, हेही मान्य करून टाकूया.

आणि स्वस्तात ‘गायतोंडे’ दिसले, तर आधी विचारा, परवानगी कुणाची? आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. गायतोंडे २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत हा प्रश्न राहणारच. मालेविच (मृत्यू १९३५) किंवा माँद्रियान (मृत्यू १९४४) यांच्या चित्रांना मात्र ती अडचण नाही.

खरेदीआधी एवढं विचाराच

शाई : पिगमेंट आहे की डाय? डायची शाई उन्हात लवकर उडते.

कागद : आम्लविरहित, शंभर टक्के कॉटन आहे का? साधा लाकडी लगद्याचा कागद पिवळा पडतो.

फ्रेम : माउंट आणि मागचा बोर्डही आम्लविरहित हवा. काच यूव्ही रोखणारी घ्या, आणि ती प्रिंटला चिकटू देऊ नका.

आकडा : कोपऱ्यात १२/५० असेल, तर ५० प्रतींमधली ही बारावी. सोबत चित्रकाराची सही हवी.

जागा : थेट ऊन आणि बाथरूमलगतची ओलसर भिंत, दोन्ही टाळा.

हे सगळं पाळायचं तर खर्च वाढतो, हे खरंय. म्हणून तीन स्वस्त प्रिंट्सऐवजी एकच घ्या. शक्यतो आजच्या एखाद्या तरुण चित्रकाराची सही केलेली प्रत घ्या, म्हणजे पैसे योग्य हातात जातील. माझी भिंत सध्या रिकामीच आहे. येणारे पाहुणे विचारतात, ‘इथे काही लावणार नाही का?’ लावणार ना! पण या वेळी घाई नाही.